हद्दीचा दगड

पाटलिणीनं लुगडं लांबनं टाकलं. ती ओट्यावर, मी खाली. लुगडं धुरळ्यात पडलं.

"झेलाय काय झालं गं? हात मोडलं व्हय?" ती म्हणाली.

म्या वाकून उचललं. हिरवं इरकली, लाल काठाचं. असलं लुगडं म्या दोरीवर वाळत घातल्यालं बघितलं व्हतं. हातात कवा धरलं नव्हतं.

"उद्या सकाळी ह्ये नेसून हिरीवर यायचं. चोळी तुजीच ऱ्हाऊ दे. आन् साहेब गेला की तिथंच फेडायचं. धुवायचं न्हाई. तू धुतल्यालं आमाला काय कामाचं? गोमूत्र शिपडून घिऊ आमी."

म्या "बरं" म्हटलं. खोटं कशाला सांगू, "बरं"च म्हटलं. आज आठवलं की माजा मलाच राग येतो. पर तवा तोंडात दुसरा शब्दच नव्हता. उठलं की "बरं", बसलं की "बरं", कुणी थुकलं तरी "बरं".

पाटलीण मला लुगडं कशापायी देत व्हती, त्ये सांगते.

आमचं गाव वडूजपास्नं दोन कोसांवर. कोरडवाहू मुलूख. बाजरी, मटकी, हुलगं, आन् माणसापरीस दगूड जास्त. लढाई चालू व्हती. माजा नवरा पलटणीत गेल्याला. कुठल्या देशात लढतोय ठावं न्हाई. कागद आला की शाळंच्या पायरीखाली उभं ऱ्हायचं, मास्तर आतनं वाचून दावायचा. घरात मी आन् माजं सासरं, मामंजी. गावकीची कामं करायची त्याबद्दल म्हारांना मिळालेली हाडकीची एक पट्टी आमच्याकडं व्हती, पाटलाच्या रानाला लागून. त्या पट्टीत पाच पोती बाजरी झाली तरी आमी वरीस चांगलं गेलं म्हणायचो.

तवा सरकारनं काढलं की धान्य कमी पडतंय, नव्या हिरी पाडा, निम्मा खरीच सरकार दील. तगाई न्हवं. तगाई फेडावी लागती. ही मदत फेडायचीच नव्हती. आन् लढाईवर गेल्याल्याच्या घराला पयला नंबर. पाटलानं आदीच भावाच्या नावावर एक मदत खाल्ल्याली. दुसऱ्या खेपंला त्याचा नंबर कुठं लागतोय? तवा त्याला माज्या नवऱ्याची सय आली.

पाटील म्हारवाड्याच्या तोंडाला यिऊन उभा ऱ्हायला. कवा न्हाई त्ये.

"तुज्या पोराच्या नावावर हीर पाडू," त्यो मामंजींना म्हणाला. "कागद मी करतो, पैसा मी घालतो. हीर माज्या रानात. पर पाणी तुमच्या पट्टीला बी सोडीन. प्यायला बी न्या. मग तर झालं?"

मामंजींनी जोहार घातला. म्या बी मनात जोहारच घातला. पट्टीला पाणी! उन्हाळ्यात मी कळशी घिऊन पाणवठ्यापास्नं लांब बसायची. कुणाला दया आली की वरनं वतायची. दया न्हाई आली तर उन्हात तशीच बसायची. त्येच्यातनं सुटका हुईल, एवढंच मला दिसत व्हतं.

चावडीवर अंगठा द्याय गेले. तलाठ्यानं शाईची डबी भुईवर ठेवली आन् पायानं पुढं सारली. कागद बी भुईवरच, चार कोपऱ्यांना चार खडं. मी उकिडवी बसले.

"काय लिवलंय ह्यात?" म्या इचारलं.

तलाठी हसला. "वाचून दावू व्हय तुला? बॅलिस्टर लागून गेलीस का?"

चावडीवरची माणसं बी हसली. म्या अंगठा उठवला. नवरा लढाईवर, म्हणून बायकूचा अंगठा. शाई चार दिस निघाली न्हाई. भाकरी थापताना पिठाला लागायची.

हीर पाडाय आमीच. वडारांनी सुरुंग लावलं, आमी बायकांनी पाट्या उचलल्या. वर माती, मग मुरूम, मग काळा फत्तर. सहा म्हैनं माज्या डोईवरनं त्या हिरीची माती गेली. टाळूवरचं केस गेलं, त्ये परत आलं न्हाईत. मजुरी म्हंजे सांजच्याला मापटंभर बाजरी. ज्या दिशी तळात झरा फुटला, त्या दिशी आमी सगळ्या आत व्हतो, घोट्याएवढ्या पाण्यात. एकमेकींच्या तोंडावर पाणी मारलं. हसलो बी लय.

तेवढ्यात वरनं पाटलाचा गडी वराडला, "चला, वर या. पाटलीण नारळ घिऊन आल्यात."

आमी वर आलो. नारळ फुटला, खोबरं वाटलं. आमाला लांबनं टाकलं. आन् गडी म्हणाला, "आता खाली उतरायचं न्हाई बरं का कुणी. पाणी लागलंय."

म्हंजे कोरडी व्हती तवर आमची शिवाशिव चालत व्हती. वली झाली आन् बाटायला लागली. त्या दिवशी मला ह्ये सुचलं बी न्हाई. अंग एवढं मोडून आलं व्हतं की घरी जाऊन मी पालथी पडले, चूल बी पेटवली न्हाई.

पट्टीला पाणी कवा, असं मामंजींनी दोनदा इचारलं. "बघू की. आमचं भिजू दे आदी." प्यायच्या पाण्याचं तर कुणी नावच काढलं न्हाई. मी परत कळशी घिऊन लांब बसाय लागले. माज्या नवऱ्याच्या नावाची हीर, आन् मी तिच्यापास्नं इस पावलं लांब बसल्याली.

मग वडूजहून सांगावा आला. शेतकीचा साहेब हीर बघाय येणार, त्येनं बघून सही केली की मगच उरल्याली मदत मिळणार. पाटलाची पळापळ सुरू झाली. कागदात काय लिवलंय त्ये तवा आमाला कळलं. हीर आमच्या पट्टीत हाय असं लिवल्यालं. आन् निम्मा पैसा मी घरचा घातलाय असं बी लिवल्यालं. फाटक्या लुगड्यातल्या बाईनं पैसा कुठनं आणला, असं साहेबाला वाटू नये, म्हणून त्ये इरकली लुगडं. राहिली हद्द. हीर तर पाटलाच्या रानात, बांधापास्नं पंचवीस पावलं आत. साहेब नकाशा घिऊन येणार.

पाटलानं मामंजींना बोलावलं. "हद्दीचा दगड उचल आन् हिरीच्या पल्याड रव. एका दिसाचा परश्न हाय. साहेब गेला की परत जाग्यावर."

ह्ये दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पर आमच्यात हद्दीची साक्ष म्हाराची. गावात बांधावनं भांडण लागलं की मामंजींना बोलवायची. डोईवर मातीचं ढेकूळ घिऊन त्ये चालायचं. जिथनं चाललं ती हद्द. त्यावर पाटील बी बोलायचा न्हाई, मामलेदार बी न्हाई. आन् खोटं चाललं तर वंश बुडतो, अशी ती आण. एरवी वेशीच्या आत खाली मान घालून चालणारा माणूस, पर त्या दिशी ताठ चालायचा. साऱ्या गावानं मागं मागं यायचं. त्यांच्या जल्मात मानाची तेवढीच एक गोष्ट व्हती.

मामंजी घरी आलं आन् मेढीला टेकून बसलं. भाकरी पुढं ठेवली, शिवली न्हाई.

"पोरगं लढाईवर हाय," त्ये म्हणालं. "आन् म्या खोटी हद्द घालू? त्याच्या जीवावर उठू?"

"नगा करू, मामंजी."

"नगं म्हणून जावं कुठं, पोरी?"

लुगडं घरात टोपलीत ठेवल्यालं, मी त्येच्याकडं बघत बसले.

दुपारी आमी दोघंच गेलो. दगूड दोरानं बांधला, मधी वासा घातला, दोन्ही टोकं दोघांच्या खांद्यावर. मामंजींचा खांदा किती टिकायचा? दर दहा पावलांला खाली ठेवत गेलो. हीर मागं पडली. म्या म्हटलं, "बास, ठेवा हितं." मामंजी थांबलं न्हाईत. पाटलानं पल्याड म्हटलं व्हतं, किती पल्याड त्ये म्हटलं नव्हतं. मामंजी वाकडं तिकडं न बघता चाललं व्हतं. एका बोरीच्या झुडपापाशी थांबलं, हिकडं तिकडं बघितलं, अर्धं पाऊल मागं सरलं.

"हितं," म्हणालं.

त्यांनी पहार मारली, म्या माती उपसली. हातभर खोल गेलो आन् पहारीला काळं लागलं. म्या हात घालून बघितलं. कोळसा. मूठ मूठ कोळसा, आन् त्यात चुन्याचं खडं.

कोळसा कुजत न्हाई. म्हणून जुनी माणसं हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायची. वरचा दगूड हलला तरी खालचा कोळसा जागा सोडत न्हाई.

मामंजी खड्ड्याच्या काठावर बसलं.

"माज्या बानं दावलेली जागा," मग म्हणालं. "बारकं असताना हात धरून आणून दावली व्हती."

"मग दगूड तिकडं कसा गेला?"

"एका दिसात न्हाई गेला. दर नांगरटीला वीत वीत. बांध कोरायचा, दगूड सरकवायचा. बा बघत ऱ्हायला. म्या बी बघत ऱ्हायलो."

"आन् तुमी बोलला न्हाई? साऱ्या गावाची हद्द तुमी सांगता, आन्—"

"साऱ्या गावाची सांगितली. आपलीच तेवढी गिळली," मामंजी म्हणालं. "गावकी करायची व्हती न्हवं."

राग आला व्हता, लय आला व्हता. पर त्यांच्या खांद्याला वाशाचा वळ उठला व्हता. म्या दगूड लोटला, कोळशावर बसवला, माती पायानं दाबली. परत येताना हिरीपाशी थांबले. म्हंजे सहा म्हैनं डोईवरनं वाहिली ती माती माजीच. ज्या हिरीपास्नं मी इस पावलं लांब बसत व्हते, ती माज्याच पट्टीत व्हती.

सकाळी लुगडं नेसून गेले. जुनेराचं गाठोडं दगडाच्या ढिगामागं ठेवलं. पाटील, पाटलीण, तलाठी, दोन गडी, सगळी आधीच आल्याली. पाटलानं मला वरनं खालपतूर बघितलं.

"इचारलं तर व्हय म्हणायचं. वर एक अक्षर न्हाई. कळलं?"

"बरं," म्या म्हटलं.

साहेब टांग्यानं आला. टोपी घातल्याला, घामाघूम झाल्याला, तरणाच माणूस. नकाशा पसरला, साखळी टाकून मोजलं, हिरीत डोकावलं. मग माज्याकडं वळला.

"बाई, ही विहीर तुमची?"

तुमची. मला उभ्या जल्मात कुणी सरकारी माणसानं 'तुमची' म्हटलं नव्हतं. मागं पाटील खाकरला.

"व्हय. माजी," म्या म्हटलं.

पाटलानं पढवल्यालंच म्या म्हटलं. पर पढवताना त्येला त्ये खोटं वाटत व्हतं.

"हद्द कुठपर्यंत?" साहेबानं इचारलं.

मामंजी पुढं झालं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी वाकून ढेकूळ उचललं, डोईवर ठेवलं आन् चालाय लागलं. हिरीला वळसा घालून पल्याड, नीट दगडापतूर. ताठ. पाटलानं डोळं बारीक केलं. दगूड एवढा लांब जाईल असं त्येला वाटलं नव्हतं. पर बोलतोय काय?

"पाटील, हद्दीबद्दल तुमची काही हरकत?"

पाटलानं तलाठ्याकडं बघितलं. तलाठ्यानं भुईकडं.

"हरकत कसली," पाटील म्हणाला. साहेबानं त्येची सही घेतली आन् नकाशावर खूण केली.

एवढ्यावर साहेब जायचा. पर ऊन लय व्हतं. त्येनं टोपी काढून वारा घेतला. "पाणी मिळेल का जरा?"

"आत्ता आणवतो घरनं," पाटील म्हणाला. "पळ रं—"

"विहिरीवर उभं राहून घरचं कशाला? बाई, तुम्हीच द्या. नव्या विहिरीचं बघू तरी."

कुणी हललं न्हाई. पाटलीण पदर तोंडाला लावून उभी. कळशी आन् दोर तिथंच काठावर, पाटलाच्या गड्यानं ठेवल्याली. साहेबाला आमची जात ठावं व्हती का न्हाई, मला आजवर कळल्यालं न्हाई. कागदात सगळं लिवल्यालं असतं म्हंत्यात. त्येनं कागद वाचला व्हता का नुसती तहान लागली व्हती, त्येचं त्येला ठावं.

पाटील नजरेनं मला म्हणत व्हता, शिवू नगंस. आन् तोंडानं म्हणू शकत न्हवता. कुणाची हीर म्हणून सांगणार व्हता?

म्या दोर धरला. कळशी सोडली. खाली पाण्याला लागल्याचा आवाज आला. भरल्याली कळशी वर वढली. साहेबाच्या वंजळीत पाणी वतलं. त्यो प्याला, तोंडावर मारलं, "गोड आहे" म्हणाला आन् टांग्यात बसून गेला. उरल्यालं पाणी म्या कळशीतनं तसंच प्याले. सगळ्यांच्या देखत.

टांगा वळणाआड झाला न झाला तवर पाटलीण वराडली, "बाटीवली! हीर बाटीवली रांडंनं! फेड, फेड आदी माजं लुगडं."

दगडाच्या ढिगामागं जाऊन म्या लुगडं फेडलं. पलीकडं पाच पुरुस उभं. दिवसाउजेडी, उघड्या रानात. जुनेर अंगाला गुंडाळलं. त्येला सात ठिगळं व्हती. इरकलीची घडी घातली, नीट, काठाला काठ लावून, आन् पाटलिणीपुढं हातानं धरली. ती मागं सरली. म्या टाकली न्हाई. तशीच धरून उभी ऱ्हायले. शेवटी गड्यानं काठीच्या टोकानं उचलून घेतली.

"म्हाताऱ्या, दगूड आण जाग्यावर," पाटील म्हणाला.

मामंजींनी पहार उचलली. मला त्यांचा दोष वाटत न्हाई. साठ वरसं सांगितल्यावर उचललीच व्हती. म्या जाऊन पहारीवर हात ठेवला.

"दगूड जाग्यावरच हाय, पाटील."

"काय म्हणालीस?"

"खाली उकरून बघा. कोळसा हाय. आन् साहेबापुढं तुमीच हरकत न्हाई म्हणालाय, सही दिलीय. आता न्हाई म्हणायचं आसंल तर वडूजला जाऊन म्हणा. कागद खोटा केला म्हणून सांगा."

पाटील माज्या अंगावर आला न्हाई. मामंजींच्या पाठीत काठी घातली. एकच. मामंजी गुडघ्यावर बसलं. पर पहार सोडली त्यांनी. त्या दिवसापास्नं त्यांनी गावकीची काठी बी हातात धरली न्हाई.

पुढचं काय सांगावं. सांगायचा बी कटाळा येतो. दुकानदारानं मीठ देणं बंद केलं, चार कोस चालून आणलं. मजुरी बंद. पाटलानं हिरीत बाभळीच्या काट्या टाकल्या. आमी काढल्या. परत टाकल्या. परत काढल्या. उरल्याली मदत पाटलाच्या घरात गेली, त्यातला छदाम आमी बघितला न्हाई. आमचीच माणसं म्हणाली, कशाला वाकड्यात शिरलीस, आमाला बी जगायचंय. त्यांचं बी खोटं नव्हतं.

आन् लढाई संपली. गावातली वाचल्याली माणसं आली. माजा नवरा आला न्हाई. कागद आला. मास्तरानं ह्या खेपंला पायऱ्या उतरून वाचला. मामंजी नुसतं म्हणत ऱ्हायलं, "म्या खरं चाललो व्हतो. खरं चाललो व्हतो." त्याच वर्साला गेलं त्ये. तवापास्नं आण, शपथ, देव, कशावर माजा इस्वास न्हाई. त्यो म्हातारा खरं चालला आन् तरी वंश बुडाला.

एकटीच आता. पट्टी करते. पाणी माजं मी वढते.

इंग्रज गेला, नवं सरकार आलं. मदत परत आली, तलाठी बी त्योच. गेल्या म्हैन्यात बांधावर आला. आता हिरीतनं पाणी वढायच्या इंजनाला मदत हाय म्हणाला, लढाईत गेल्याल्याच्या बायकूला पयला नंबर. पाटील पैसा घालतोय, तू फकस्त अंगठा दे. बोलता बोलता पिशवीतनं कागद काढला, भुईवर पसरला, चार कोपऱ्यांना चार खडं ठेवलं. शाईची डबी ठेवली आन् पाय पुढं केला.

"पाय मागं घ्या," म्या म्हटलं.

त्यो बघत ऱ्हायला.

"चावडीवर चला. चार माणसांपुढं सगळा कागद मोठ्यानं वाचा. पटलं तर अंगठा, न्हाई तर न्हाई. इंजन माज्या हिरीवर बसंल, माज्या हद्दीत बसंल. आन् ती डबी उचला. माज्या हातात द्या."

"हातात?" तलाठी म्हणाला.

"हातात."

त्येनं खडं गोळा केलं, कागद गुंडाळला, डबी पिशवीत टाकली आन् गेला. परत यील. पाटलाला घिऊन यील, न्हाईतर पोलिसाला. येऊ दे. मी हद्दीच्या दगडावर बसून हाय. डबी हातात दिल्याबिगर अंगठा न्हाई.